तिसरी किडनी आणि गणपतीचं पपनस

माझ्या पोटात तीन किडन्या आहेत. दोन जन्मापासूनच्या, ज्यांनी पन्नाशीत काम बंद केलं, आणि तिसरी नणंदेची. नवी किडनी बसवताना जुन्या काढत नाहीत. निवृत्त झालेल्या काकांसारख्या त्या आपापल्या जागी बसून राहतात. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि विचारतो, "नणंदेची?" बहिणीची किंवा नवऱ्याची म्हटलं असतं, तर कुणाची भुवईसुद्धा हलली नसती.

लिहायचं कारण असं, की इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये, माझ्या ओळखीच्या एका बाईंचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं. त्यांनी मला फोनवर विचारलं, "खरं सांग हं, पुन्हा पहिल्यासारखं हसता येतं का?" मी हो म्हटलं, पण नुसत्या हो म्हणण्याने कुणाचं समाधान होत नाही. म्हणून हे सविस्तर. औषधांची नावं आणि रिपोर्टमधले आकडे यात नाहीत, ते सांगायला डॉक्टर आहेत.

चपला

सुरुवात चपलांपासून झाली. पुण्याहून परत आले तेव्हा पाय सुजले होते आणि चपला घट्ट होत होत्या. मी आधी विमानाला दोष दिला, मग चपलांना दिला, आणि एक नंबर मोठी नवी जोडी घेऊन आले. माझ्या दृष्टीने विषय संपला होता. पण माझी मुलगी सई इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, आणि माझ्या सगळ्या पळवाटा तिला पाठ. ती म्हणाली, "आई, पाय सुजले तर शूज नाही बदलत. यू गो टू अ डॉक्टर."

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आम्हा नवरा-बायकोला बोलावून घेतलं. किडन्या निकामी होत चालल्यात, हे त्यांनी इतक्या हळुवार आवाजात सांगितलं, की मला वाटलं यांनाच काहीतरी झालंय. मी विचारलं, "गोळ्या किती दिवस घ्यायच्या?" जणू सर्दीच झाली होती. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याकडे, विजयकडे बघितलं. विजयने जमिनीकडे बघितलं. तेव्हा मला कळलं, की हे आठवड्याभरात आटपणारं दुखणं नाही.

घरी येताना विजयने फ्रीवेवरचा आमचा एक्झिट सोडला. बत्तीस वेळा बजावणारा माणूस हा, "लेन आधीच बदलावी," पण त्या दिवशी सरळच जात राहिला. मिलपिटास हे पुढचं गाव आलं तेव्हा मी म्हटलं, "आता आलोच आहोत, तर डोसा खाऊन जाऊ." मी सांबार दोनदा मागून घेतलं आणि वाटी हातात धरूनच रडायला लागले. वेटरला वाटलं, सांबार तिखट झालंय. त्याने न मागता ताक आणून ठेवलं आणि मी ते निमूटपणे प्यायले.

खुर्ची

डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीन वेळा एका खुर्चीत जाऊन बसायचं. यंत्र तुमचं रक्त बाहेर काढतं, धुतं आणि परत आत सोडतं. पहिल्या काही वेळा मी त्या नळ्यांकडे बघितलंच नाही, छताचे ठिपके ठिपके असलेले चौकोन बघत राहिले. तिथे थंडी फार वाजते. ज्या बाईंसाठी मी हे लिहितेय त्यांना माझा पहिला सल्ला हाच, की गोधडी घेऊन जा आणि लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. माझी गोधडी बघून तिथल्या नर्सने तिच्या आजीच्या क्विल्टची गोष्ट सांगितली आणि सुई टोचून झाली ते मला कळलंही नाही.

सगळ्यात अवघड होती तहान. खराब किडन्यांना पाणी बाहेर टाकता येत नाही, म्हणून प्यायचंच मोजून. मी बर्फाचा खडा चघळत बसायचे. फळांचंही तेच. केळं बंद, संत्रं बंद, शहाळं बंद, टोमॅटोसुद्धा बंद. विजय माझ्यासमोर फळाला हात लावीना. मला वाटलं, बिचाऱ्याने माझ्यासाठी व्रत घेतलंय. मग एक दिवस गाडीच्या दाराच्या कप्प्यात केळ्याचं साल सापडलं.

"गराजमध्ये बसून केळी खातोस?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून," तो म्हणाला. चोरी पकडलेल्या शाळकरी मुलाचा चेहरा.

"मग साल तरी टाकायचं की नाही!"

त्या दिवशी कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.

वन्सं

विजयला साखर आहे, म्हणून त्याची किडनी चालत नव्हती. सई द्यायला तयार होती आणि मी घ्यायला तयार नव्हते. त्यावरून आमची जी भांडणं झाली ती इथे लिहीत नाही, दोघी भरपूर ओरडलो एवढंच सांगते. प्रतीक्षायादीत नाव घातलं होतं, पण तिथे वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि तेवढी वर्षं आपल्यापाशी आहेत की नाहीत हे कुणी सांगत नव्हतं.

अशात एक दिवस कुंदावन्संचा फोन आला. या विजयच्या थोरल्या बहीण. जर्सी सिटीत राहतात, मॅनहॅटनमधल्या बँकेत आयुष्य काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. सासर माझं सावंतवाडीकडचं आणि मी पुण्याची, त्यामुळे माझ्या सोलकढीला त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही बरं म्हटलेलं नाही. आमचं वाकडं नव्हतं, पण गळ्यात गळेही नव्हते.

"अनघा, माझ्या सगळ्या टेस्ट झाल्या. मॅच आहे," वन्सं म्हणाल्या.

"कसल्या टेस्ट?"

"लग्नाच्या! कसल्या काय विचारतेस? किडनीच्या."

त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. हॉस्पिटलच्या रिवाजाप्रमाणे तिथल्या समुपदेशक बाईंनी त्यांना एकट्यांना बसवून विचारलं, की घरातलं कुणी तुमच्यावर दबाव आणतंय का? वन्सं म्हणाल्या, "माझा भाऊ चार वर्षांचा होता तेव्हापासून मला घाबरतो. दबाव कोण आणणार?" त्या बाईंनी पुढचं काही विचारलं नाही.

मी मात्र विचारलं. इतकी मोठी गोष्ट, का देताय म्हणून. वन्सं म्हणाल्या, "दोन आहेत. एकीवर भागतं म्हणतात. मग दुसरीचं काय लोणचं घालू?"

मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून मनसोक्त रडले.

पाणी

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा नर्स माझ्या पलंगाला लटकवलेल्या पिशवीकडे बोट दाखवून जवळजवळ नाचत होती. लघवी होत होती. सर्जन येऊन पिशवी बघून गेले, त्यांचे शिकाऊ डॉक्टर बघून गेले, विजयने तर फोटो काढला. बाळाच्या शीचं पहिल्या आठवड्यात घरात होतं ना, तेवढं कौतुक माझ्या लघवीचं झालं.

मग नर्सने मोठा ग्लास काठोकाठ भरून दिला आणि म्हणाली, "सगळं पी. नंतर आणखी देते." मी त्या ग्लासकडे बघत राहिले. सगळं? मी पाणी प्यायले, आणि ते पोटात गार गार उतरत गेलेलं मला अजून आठवतं. आजारपणात देव दिसतो म्हणतात. मला तो ग्लासात दिसला, असं म्हटलं तर कुणी हसू नये.

दुसऱ्या दिवशी वन्सं सलाइनचा खांब ढकलत, पायात हॉस्पिटलचे पिवळे मोजे घालून माझ्या खोलीत आल्या.

"कशी आहे?"

"बरी आहे मी, वन्सं. तुम्हाला फार दुखतंय का?"

"तू नाही गो. ती कशी आहे?"

त्या घरी परतल्यावर रोज सकाळी जर्सीहून फोन यायचा आणि पहिला प्रश्न तोच असायचा, "ती कशी आहे?" मी सांगायचे, ती मजेत आहे. मग सवड असेल तर माझी चौकशी व्हायची.

एक क्रियापद

घरी सोडण्याआधी केविन नावाचा तरुण चिनी-अमेरिकन फार्मसिस्ट आम्हाला औषधं समजावायला आला. वन्संही शेजारी बसल्या होत्या. केविनने सांगितलं, की शरीर परक्या किडनीला ओळखतं आणि हाकलायला बघतं. त्याला गप्प बसवायला एक गोळी आहे, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. ती कमी पडली तर शरीर किडनी नाकारणार, जास्त झाली तर तीच गोळी किडनीला मारणार. "एव्हरीबडी मेटाबोलाइझेस इट डिफरंटली," तो म्हणाला, म्हणून सारखं रक्त तपासून डोस ठरवायचा. "आणि ग्रेपफ्रूट अजिबात नाही. ग्रेपफ्रूट खाल्लं की शरीर गोळी नीट मेटाबोलाइझ करत नाही." पुढेही तो काही फळांबद्दल बोलत होता, पण आमचं लक्ष उडालं. ग्रेपफ्रूट खातं कोण? हॉटेलच्या ब्रेकफास्टला अमेरिकन आजोबा चमच्याने कोरून कोरून खातात ते कडू फळ. आमच्या घरात ते कधी आलंच नव्हतं. एक पथ्य फुकटात पाळलं जाणार म्हणून आम्ही खुश झालो.

पण ते क्रियापद माझ्या डोक्यात अडकून बसलं. रविवारी मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. त्यामुळे एखादा इंग्रजी शब्द मराठीत सांगता आला नाही, की मला दातात सुपारी अडकल्यासारखं होतं.

"मेटाबोलाइझ करणं, याला मराठीत काय म्हणायचं?" मी विचारलं.

"चयापचय," विजय म्हणाला. दहावीला त्याला विज्ञानात चांगले मार्क होते, हे तो अजून विसरलेला नाही.

"ते शाळेच्या पुस्तकात. 'माझं शरीर गोळीचं चयापचय करतं,' असं घरात कोण बोलतं?"

"पचवणं म्हण. त्यात काय एवढं?" वन्सं म्हणाल्या.

पण पचवणं पोटातलं, आणि ही गोष्ट पोटाच्या पुढची. पोटाने आत घेतलेलं यकृतात जातं, तिथे त्याचं बरंच काही होतं. अंगी लागणं म्हणावं, तर त्यात नको ते बाहेर टाकण्याचं काम येत नाही. सईने तर हे क्रियापद पार दिवाणखान्यात आणलं होतं. मी महिन्याभरात शाळेत परत शिकवायला जाणार म्हटल्यावर ती म्हणाली, "वेट, लेट मी मेटाबोलाइझ दॅट." म्हणजे इंग्रजीत बातमीसुद्धा मेटाबोलाइझ करतात, आणि दुःखसुद्धा.

शेवटी मी माझ्यापुरता अर्थ लावला, पालेभाजी निवडणं. बाहेरून आलेली जुडी सोडायची, पानं कामाला घ्यायची, देठ आणि माती टाकून द्यायची. फक्त इथे निवडणारे तुम्ही नसता. आत कुणीतरी पाट मांडून बसलेलं असतं आणि तुम्हाला न विचारता ते काम चाललेलं असतं. बरं असतो तेव्हा आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

माटवी

गणपतीला वन्सं आल्या. आमच्या सासरच्या चालीप्रमाणे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, म्हणजे लाकडी चौकट छताला टांगून तिला त्या हंगामातली फळं, भाज्या, रानातल्या वेली लटकवायच्या. फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये रान कुठलं? आम्ही मक्याची कणसं, काकड्या, झुकिनी, शेजाऱ्यांच्या झाडाची लिंबं असं जे मिळेल ते लावतो. आणि मधोमध पपनस. माटवीत पपनस नसेल तर वन्संच्या मते गणपती रुसतो. या दिवसांत चिनी दुकानात लाल जाळीत बांधलेली मोठमोठी पपनसं येतात, त्यांचाही सण तेव्हाच असतो. वन्संनी दुकानात एकेक पपनस हातात घेऊन जोखलं, नाकाशी धरलं, आणि माटवीला दोन पुरतात तिथे गाडीची मागची सीट भरेल एवढी घेतली.

वन्संचा पपनसावर भारी जीव. काशीला गेलं की आवडतं फळ किंवा भाजी सोडायची चाल आहे ना, त्यावर त्या नेहमी सांगायच्या, "आमच्या आईने काशीला जाऊन कारलं सोडलं. आवडतच नव्हतं तिला! सोडायचं तर आवडीचं सोडावं. म्हणून मी काशीला जातच नाही. पपनस सोडावं लागेल."

गणपती पाच दिवसांनी गेले आणि माटवीची फळं प्रसाद म्हणून निघाली. वन्सं रोज दुपारी वर्तमानपत्र पसरून पपनस सोलायच्या. जाड साल, मग पांढरा कापूस, मग प्रत्येक फोडीवरचा पापुद्रा. त्यावर मीठ, साखर आणि चिमूटभर तिखट. पहिली वाटी मला. "डायलिसिसमध्ये फळांवाचून किती तरसलीस. खा. तिलाही मिळू दे," त्या म्हणायच्या. मी खायचे. इतकी वर्षं ज्यांच्याकडून 'बरं' एवढा शब्द ऐकायला कान आसुसले होते, त्या माझ्यासाठी फोडींचे पापुद्रे काढत होत्या. मला त्या वाटीचं केवढं अप्रूप वाटत होतं.

थरथर

रविवारी शाळेत फळ्यावर लिहिताना माझा हात थरथरला. रेघ वेडीवाकडी गेली. मी मार्कर बदलला, पण हात तसाच. डोकंही दुखत होतं, बीपी वाढलं होतं. गोळीसाठी रक्त तपासायची तारीख आलीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते देऊन आले आणि दुपारी हॉस्पिटलच्या नर्सचा फोन आला. गोळीचं रक्तातलं प्रमाण फारच वर गेलं होतं आणि किडनीचं काम मंदावलं होतं.

"आज गोळी घेऊन रक्त द्यायला आली होतीस का?" तिने विचारलं. गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची असते.

"नाही."

"एखाद्या दिवशी दोनदा घेतली गेली का?"

"नाही."

"दुसरं नवीन औषध? ग्रेपफ्रूट?"

"नाही, नाही!" मी अभिमानाने सांगितलं.

फोन ठेवला तर विजय माझ्याकडे बघत होता. "नक्की दोनदा नाही ना घेतलीस? तू कधी कधी विसरतेस."

"मी विसरते? गराजमध्ये साल कोण विसरलं होतं?"

"आई, प्लीज, बी ऑनेस्ट," स्पीकरवरून सई म्हणाली. ती ओकलंडला राहते, तिथून निघालीच होती.

मला इतका राग आला, की मी कुणाशी बोलेना. अलार्म लावून, खाडा न करता गोळ्या घेत होते मी. आणि रागाच्या खाली होती ती भीती. किडनी जाणार. परत ती खुर्ची, परत तो बर्फाचा खडा. पण त्याहून मोठी भीती अशी, की ती वन्संची होती. एखाद्याने आपल्या अंगातून काढून दिलेली वस्तू आपल्याला सांभाळता आली नाही, तर तोंड कसं दाखवायचं? नर्सने लगेच बोलावलं होतं, निघालो तेव्हा वन्सं मागच्या सीटवर होत्या. रस्ताभर त्यांचा हात पुढे येऊन माझ्या खांद्यावर होता.

डबा

मला दाखल करून घेतलं. गोळी थांबवली. दुसऱ्या दिवशी सुई घालून किडनीचा तुकडा काढून तपासायचं ठरलं, शरीर तिला नाकारतंय की काय ते बघायला. दुपारी केविन आला आणि त्याने पुन्हा तीच चौकशी सुरू केली. मी पुन्हा तेच नाही, नाही. तेवढ्यात वन्संनी पिशवीतून डबा काढला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "बोलून दमलीस. दोन फोडी खा." मग पाहुण्याला न विचारणं बरं दिसत नाही म्हणून डबा केविनपुढे केला. "टेक, टेक. प्रसाद."

केविनने डब्यात बघितलं आणि तो थांबला.

"इज दॅट पॉमेलो?"

"येस! व्हेरी स्वीट," वन्सं म्हणाल्या.

"माझी आजी आमच्या सणाला अगदी असंच सोलते," तो हळूच म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "हे तू रोज खातेस?"

"रोज. प्रसाद आहे."

केविनने डोळे मिटले आणि उघडले. "हा ग्रेपफ्रूटचा बाप आहे," तो म्हणाला. खरोखरच, पपनस आणि संत्र्याच्या संकरातून ग्रेपफ्रूट झालं म्हणे. बापाचे गुण मुलात उतरलेत. यकृतात आणि आतड्यात ही गोळी मोडणारे जे कामगार असतात, त्यांनाच हे फळ निकामी करतं. शरीर नवे कामगार तयार करेपर्यंत गोळी मेटाबोलाइझ होत नाही आणि साचत जाते.

माझ्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. आत भाजी निवडायला बसलेल्या बायका, आणि पपनसाने येऊन सगळ्यांना घरी पाठवलंय. जुड्यांवर जुड्या येताहेत, निवडायला कुणी नाही. इतके दिवस जे क्रियापद मी मराठीत शोधत होते, ते माझ्या पोटात बंद पडलं होतं.

"म्हणजे शरीर किडनी नाकारत नाहीये?" विजयने विचारलं.

"बहुतेक नाही. फळ बंद करा, गोळी थांबलेलीच आहे. डॉक्टरांशी बोलतो, उद्याची सुई थांबवता येईल. थोडे दिवस वाट बघू."

मला हसू फुटलं. काय करू? इतकी भीती होती आणि निघालं पपनस! सई भिंतीला टेकून म्हणाली, "ओके. आय नीड टाइम टू मेटाबोलाइझ धिस," आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर हसायला लागली. विजय मात्र भडकला. "ताई, तू विचारायचंस तरी एकदा!" तो बहिणीवर आवाज चढवतोय असं मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

वन्संनी डब्याला झाकण लावायला घेतलं. हात इतके थरथरत होते, की झाकण बसेना. औषधाने माझे थरथरत होते, त्यांचे कशाने ते सगळ्यांना दिसत होतं. मी विजयला खोलीबाहेर पाठवलं.

"वन्सं, मी खाल्लं ना? मलाही कळलं नाही. केविन सांगत असताना आपण तिघंही हसत होतो."

"मीच दिली," त्या म्हणाल्या, "आणि मीच तिच्या जिवावर उठले."

वाट

ते वाट बघण्याचे दिवस मला डायलिसिसपेक्षा लांब वाटले. गोळीचं प्रमाण हळूहळू उतरत होतं, किडनी मात्र आपल्या वेळेने सावरणार होती. वन्सं घरी जाऊन अंघोळ करून परत येत. रोज सकाळी 'ती कशी आहे' विचारणं मात्र त्यांनी बंद केलं. मला काही खायला द्यायचं म्हटलं तर आधी नर्सला दाखवत, अगदी मारी बिस्किटसुद्धा. बोलायला जावं तर "पड तू" म्हणत. त्यांना एवढं गप्प मी कधी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला ते सोसवेना. सोलकढीला नावं ठेवणाऱ्या वन्सं परवडल्या.

मग एका सकाळी डॉक्टर हसतच आले. रिपोर्ट पूर्ववत होता. किडनी सावरली होती, सुईची गरज उरली नव्हती, घरी जायला हरकत नव्हती. विजय खुर्चीत मटकन बसला. त्याने वन्संचा हात धरला आणि म्हणाला, "ताई, चुकलो." वन्संनी त्याच्या डोक्यावर टपली मारली.

मी वन्संना म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. ती मजेत आहे."

त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ पदराने नाक पुसत होत्या.

ज्या बाईंसाठी लिहायला घेतलं त्यांना एवढंच सांगेन, की डॉक्टरांनी, फार्मसिस्टने 'काय काय खाता' विचारलं तर प्रसादसुद्धा सांगा, काढासुद्धा सांगा, शेजारणीने दिलेला मुरांबासुद्धा सांगा. आपल्याला वाटतं, घरचं आहे, त्याचं काय सांगायचं. शरीराला घरचं आणि दारचं कळत नाही, त्याला सगळंच निवडावं लागतं. आणि हो, हसू परत येतं. मला तर ते सलाइन लावलेलं असतानाच आलं होतं.

वन्सं परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी चिनी दुकानात गेलो. मला कोथिंबीर हवी होती. दाराशीच पपनसांचा ढीग होता, लाल जाळ्यांतला. वन्सं थांबल्या. सवयीने एक उचललं, हातात जोखलं, नाकाशी धरलं.

मी म्हटलं, "घ्या की तुमच्यापुरतं. जर्सीला घेऊन जा. तुम्हाला कुठे बंदी आहे?"

वन्संनी पपनस सावकाश ढिगावर परत ठेवलं. मग माझ्या पोटाकडे बघितलं, आणि स्वतःच्या कुशीवर हात ठेवला.

"एकीला बंदी आणि दुसरीला मोकळीक? असं कसं चालेल गो? जुळ्या आहेत त्या."

"पण वन्सं, तुम्ही काशीला कुठे गेलात?"

"नाही गेले," त्या म्हणाल्या. "सोडलं मात्र."

मग आम्ही केळ्यांची एक मोठी फणी घेतली आणि गाडीत बसून तिथेच दोन-दोन खाल्ली. सालं मात्र मी आठवणीने टाकून आले.